संशोधन सांगतं, मग माझ्याच बाबतीत ते खरं का ठरत नाही?

अलीकडे माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसांच्या तोंडी एक वाक्य फार वेळा ऐकू येतं : “मॅडम, हे तर संशोधनानं सिद्ध झालंय.” त्यापाठोपाठ स्वतःवरचा एखादा आरोप येतो. सवय एकवीस दिवसांत लागते म्हणे, मला तीन महिन्यांतही लागली नाही. यशस्वी माणसं पहाटे उठतात, मला जाग येत नाही. अमुक वयापर्यंत मुलाला संयम आला नाही तर पुढे अवघड जातं, आणि माझा मुलगा तर क्षणभर थांबत नाही. विद्यार्थी हे बोलतात, निवृत्त झालेले बोलतात, नवे आईबाप तर सर्वांत जास्त बोलतात. माहिती वाढली तशी अपराधी भावनाही वाढली, असं मला रोजच्या कामात दिसतं. म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे दिलं आहे.

त्या चाळिशीकडे झुकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पाच वर्षांच्या मुलाच्या आई. झोप लागत नाही, चिडचिड होते, अशी तक्रार घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी मोबाइलमधली टिपणं उघडून माझ्यासमोर धरली. आहार, व्यायाम, पालकत्व, एकाग्रता अशा प्रत्येक विषयावर ‘संशोधन सांगतं’ म्हणून जमवलेली वाक्यं, आणि त्यांपुढे आपल्याला काय जमलं नाही याची नोंद.

“मी आळशी आहे हे आता शास्त्रीयदृष्ट्या ठरलंय,” त्या म्हणाल्या.

“कुणी ठरवलं?”

“एकवीस दिवस रोज चालायला गेले. बाविसाव्या दिवशी उठावंसंच वाटलं नाही. म्हणजे सवय लागली नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही.”

एकवीस दिवसांचं हे प्रकरण मी पुष्कळांना समजावून सांगितलं आहे. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६०मधल्या लिखाणातून आला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना ‘किमान’ एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे तोंडोतोंडी ‘किमान’ गळून गेलं आणि चेहराही गळून गेला. सवयींचा खराखुरा मागोवा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. ९६ जणांनी खाणं, पाणी पिणं किंवा व्यायाम यांपैकी एक छोटी गोष्ट रोज करायची आणि ती किती आपोआप होते हे नोंदवायचं, असे बारा आठवडे. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेला मध्यम काळ निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

बाईंचा चेहरा खुलला. पण लगेच त्यांनी विचारलं, “मग सहासष्टाव्या दिवशी तरी लागायलाच हवी ना?”

अडचण कुठे आहे ते मला या प्रश्नात स्पष्ट दिसलं. चुकीच्या आकड्याच्या जागी मी बरोबर आकडा ठेवला, तरी त्या त्याचाही चाबूकच करणार होत्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारावर माझं सगळं काम उभं आहे. माणसाला घटना जितकी छळत नाही, तितका त्या घटनेविषयीचा त्याचा अट्टहास छळतो, हे मी वर्षानुवर्षं अनुभवते आहे. संशोधन वाचणाऱ्या माणसाचा अट्टहास असा असतो : अभ्यासात आलेली सरासरी मी गाठलीच पाहिजे, नाही गाठली तर दोष माझा. अभ्यास मात्र असं काहीच म्हणत नाही. तो एका समूहाबद्दल बोलतो. त्या समूहात १८वालाही असतो आणि २५४वालाही, आणि दोघांनाही संशोधकानं कमी-जास्त लेखलेलं नसतं.

पहाटे उठणाऱ्या यशस्वी माणसांचा मुद्दा मी थोडक्यात उरकला. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वॉल्ड हे संख्याशास्त्रज्ञ कोलंबिया विद्यापीठातल्या एका गटात अमेरिकी सैन्यासाठी काम करत होते. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांचा अभ्यास चालला होता. जिथे जास्त खुणा तिथे जास्त चिलखत चढवावं, असं कुणालाही वाटेल. वॉल्ड यांचा विचार उलटा होता : आपण फक्त परत आलेली विमानं पाहतो आहोत, जिथे खुणा दिसत नाहीत तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नसावीत. “पहाटे उठूनही ज्यांचं काही जमलं नाही, त्यांच्या मुलाखती तुम्ही कुठे वाचल्यात?” एवढंच मी विचारलं. तो मुद्दा त्यांनी स्वतःच्या हातानं टिपणांतून पुसला.

खरं दुखणं मुलाबद्दलचं होतं. ते बाहेर यायला वेळ लागला.

“मी त्याची परीक्षा घेतली,” एका भेटीत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “गोळी समोर ठेवली. म्हटलं, मी येईपर्यंत थांबलास तर दोन देईन. दाराबाहेर पडते न पडते तोच खाल्ली. तेव्हापासून मी त्याच्याशी फार कडक वागते. आत्ताच वळण नाही लावलं तर त्याचं पुढे काय होईल?”

ही परीक्षा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांची. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी हे प्रयोग केले. जास्त वेळ थांबलेली मुलं पुढे अभ्यासात वगैरे सरस ठरली, असं नंतरच्या पाहण्यांत दिसलं आणि ते जगभर पोचलं. त्याच मिशेल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती तितकी पसरली नाही. खाऊ नजरेआड ठेवला किंवा मुलाला दुसऱ्या मजेच्या गोष्टीचा विचार करायला सुचवलं, की तेच मूल कितीतरी जास्त थांबतं. म्हणजे थांबण्याच्या युक्त्या शिकवता येतात. पुढे २०१८मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. मुलाचं थांबणं आणि पुढची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध आधी सांगितला गेला होता त्याच्या निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची लहानपणची बौद्धिक वाढ हिशेबात धरल्यावर तो आणखी बराच घटला.

हे ऐकून त्यांना हायसं वाटलं असतं आणि भेट तिथेच संपली असती. पण मला रोचेस्टर विद्यापीठातला २०१३चा एक छोटा अभ्यास आठवत होता. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्रकलेला बसवलं. “थांब, मी याहून छान रंग घेऊन येते,” असं मोठ्या माणसानं सांगितलं. निम्म्या मुलांना ते रंग खरंच मिळाले. उरलेल्यांना “माफ कर, नाहीत आपल्याकडे” असं उत्तर मिळालं. त्यानंतर खाऊची परीक्षा झाली. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली जेमतेम तीन मिनिटं.

मी ते लगेच सांगितलं नाही. आधी विचारलं, “मी येते, थांब, असं त्याला तुम्ही एरवी केव्हा म्हणता?”

“रोजच. कामाचा फोन असला की म्हणते, दहा मिनिटं थांब, मग खेळू.”

“आणि?”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही मध्ये पडले नाही. समोरचा माणूस स्वतःशी काहीतरी जुळवत असतो तेव्हा समुपदेशकानं आपलं ज्ञान आवरावं, यावर माझा ठाम विश्वास आहे.

“दहा मिनिटांचा तास होतो,” त्या म्हणाल्या. “कधी कधी तो वाट पाहून झोपून जातो.” मग मान वर करून म्हणाल्या, “म्हणजे तो अधीर नाहीये. त्यानं हिशेब केला. हातात आहे ते घ्यावं, आईचं काय सांगता येतं!”

नंतर मी किड यांचा अभ्यास सांगितला तेव्हा त्यांनी तो जवळजवळ ओळखीचा असल्यासारखा ऐकला. निष्कर्ष त्यांनी आधीच स्वतः काढला होता, आणि तो त्यांच्याकडून आला याचं मला आजही समाधान आहे. अभ्यास आधी सांगितला असता तर टिपणांत आणखी एका आरोपाची भर पडली असती : ‘शब्द न पाळणारी आई’. आता त्याच जागी एक प्रश्न आला होता, ज्याचं उत्तर घरी शोधता येणार होतं. माझ्या दृष्टीनं सगळं वळण या एका फरकात आहे. तेच संशोधन निकाल म्हणून वाचलं तर माणूस आरोपी होतो. प्रश्न म्हणून वाचलं तर तो स्वतःच शोध घेऊ लागतो. एका खाऊवरून मुलाचं भविष्य ठरत नाही, तसंच २८ मुलांच्या अभ्यासावरून आईचं मोलही ठरत नाही. पण त्या अभ्यासातून सुचलेली शंका आपल्या घरात तपासून पाहायला काहीच हरकत नसते.

दहा मिनिटांचा तास का होतो, हाही अभ्यासाचा विषय आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी १९९४मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, काम किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. अंदाज बांधताना आपण पुढच्या कामाचं सरळसोट चित्र पाहतो. मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवत असूनही जमेला धरत नाही. याच संशोधकांनी पुढे लोकांना मागचा अनुभव आणि समोरचं काम यांची जोड घालायला लावली, तेव्हा अंदाज ताळ्यावर आला.

बाईंना मी एवढंच करायला सांगितलं. आठवडाभर कामाचा प्रत्येक फोन खरोखर किती चालतो ते लिहायचं. मग मुलाला तोच वेळ सांगायचा, इच्छेतला नाही. “आज जमणार नाही” हेही चालेल, पण सांगितलं तर पाळायचं. शिवाय वाट पाहताना करायला त्याला काहीतरी द्यायचं. सुरुवातीला तो रुसला, कारण ‘एक तास’ ऐकायला कुणाला आवडतं? काही आठवड्यांनी त्या सांगत आल्या, “काल त्यानंच विचारलं, खरा तास ना? म्हटलं, खरा. मग गेला खेळायला.” झोपही हळूहळू सुधारली. चालणं अजून अधूनमधून चुकतं, पण चुकल्याबद्दल आता त्या स्वतःला नावं ठेवत नाहीत.

मग वाचायचंच नाही का, असं मला विचारतात. जरूर वाचा, मी स्वतः रोज वाचते. फक्त अभ्यास कुणावर झाला, किती जणांवर, आणि त्यांचं आयुष्य आपल्यासारखं होतं का, हे पाहा. स्टॅनफर्डच्या बालवाडीतली मुलं बरीचशी विद्यापीठाशी संबंधित घरांतली होती. ‘दुप्पट’, ‘निम्मं’ असे शब्द आले की कशाच्या दुप्पट, हे विचारा. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनमध्ये एक इशारा निघाला : काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. मूळ आकडा सात हजारांत एक होता, तो सात हजारांत दोन झाला होता. घाबरून अनेक बायकांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले, आणि गुठळीचा धोका गर्भारपणात त्या गोळ्यांहून अधिक असतो. ‘दुप्पट’ खोटं नव्हतं, पण त्या बायकांना सात हजार हा आकडाही कळायला हवा होता.

आणि एकाच अभ्यासावर विसंबू नका. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा मोठा खटाटोप २०१५मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा निम्म्याहून कमी अभ्यासांत पहिला निष्कर्ष पुन्हा हाती आला. हे माझ्याच शास्त्राबद्दल आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. आपलंच काम पुन्हा तपासून ‘इथे टिकलं नाही’ असं जाहीरपणे सांगणारी माणसं त्या शास्त्रात आहेत. बाईंनाही मी हेच सांगितलं होतं : शास्त्रज्ञ आपला निष्कर्ष बदलतात आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं कामावर येतात, मग तुमचं एक वेळापत्रक बदललं तर तुम्ही का मोडून पडायचं?

घरी करून पाहण्याच्या गोष्टी म्हणजे वेळ मोजणं, सवय लावणं, मुलाशी बोलण्याची रीत बदलणं. चालू असलेलं औषध बंद करणं, त्याचं प्रमाण बदलणं किंवा वाचलेल्या लेखावरून नवं सुरू करणं हे त्यात येत नाही. त्यासाठी डॉक्टरांशीच बोला, आणि वाचलेला लेख खुशाल सोबत न्या. झोप, भूक, कामातला रस सलग दोन आठवडे हरवला असेल तर आणखी वाचत बसू नका, तज्ज्ञाची वेळ घ्या. जगणं नकोसं झाल्याचा विचार मनात आला, तर मात्र दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.