कन्सोलवरची नेमबाजी : ‘हेलो’बद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, शूटर म्हणजे बंदुकीचे गेम खेळायला सुरुवात करायची असेल तर ‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’पासून करा, मग तो गेम २००१ चा का असेना. त्यावर नागपूरभरातून एवढे प्रश्न येऊन राहिले की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतोय. हा माझा सगळ्यात आवडता गेम आहे, तेव्हा उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : भाऊ, मी मोबाईलवर बॅटल रॉयल खेळतो अन् कॉम्प्युटरवर माऊसनं शूटर खेळतो, दोन्हीकडे नेम चांगला आहे. पण मित्राकडे कन्सोलवर बसलो तर समोर उभा असलेला शत्रूही लागत नाही. कंट्रोलरवर लोकं खेळतात तरी कसे?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मानेवाडा

उत्तर : माऊस तू जेवढा सरकवला तेवढाच नेम सरकतो, हात थांबला की नेम थांबला. कंट्रोलरवर अंगठ्यानं वाकवायच्या दोन स्टिक असतात, उजवीनं नेम फिरतो, डावीनं तू चालतो. स्टिकचं माऊससारखं नाही. स्टिक जेवढी वाकवली तेवढ्या वेगानं नेम फिरत राहतो आणि तू सोडेपर्यंत थांबत नाही. म्हणून माऊसवाला माणूस पहिल्यांदा कंट्रोलर धरतो तेव्हा प्रत्येक वेळी शत्रूच्या पुढे निघून जातो, परत येतो, परत पुढे जातो. यावर इलाज असा की उजव्या स्टिकनं नेम फक्त ढोबळ आणायचा, डोक्याच्या उंचीवर ठेवायचा, अन् बारीक काम डाव्या स्टिकनं करायचं, म्हणजे स्वतःच एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं आणि शत्रूला नेमात येऊ द्यायचं. हे एकदा अंगात भिनलं की फरक लगेच जाणवतो. दुसरं, गेम स्वतःही मदत करतो. क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मधली नेमाची खूण, शत्रूवर आला की तो थोडा जड होतो, फिरण्याचा वेग कमी होतो, यालाच एम असिस्ट म्हणतात. याला चीटिंग समजू नको, अंगठ्यानं खेळायचं म्हटल्यावर ते लागतंच, आणि हेलोमध्ये ते इतकं बेमालूम आहे की कळतही नाही. बाकी आधी एक काम कर, टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू कर. बऱ्याच टीव्हींवर चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून मधे प्रक्रिया चालते, त्यात बटण दाबणं आणि गोळी सुटणं यात अंतर पडतं आणि माणूस स्वतःच्या नेमाला दोष देत बसतो.

प्रश्न : आजचे गेम बघा, पावसाचा थेंबही खरा वाटतो. मग पंचवीस वर्षांपूर्वीचा गेम आता कशाला खेळायचा? नॉस्टॅल्जिया सोडून एक तरी कारण सांगा.
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नॉस्टॅल्जिया सोडूनच सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बंजी नावाच्या कंपनीचा हा गेम. १९९९ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं मॅकवर्ल्ड या मॅक कॉम्प्युटरच्या मेळाव्याच्या स्टेजवर तो लोकांना दाखवला, म्हणजे तेव्हा तो मॅकसाठी यायचा होता. सुरुवातीला तो वरून बघून सैन्य हलवायचा गेम होता, मग थर्ड पर्सन झाला, म्हणजे आपलं पात्र पाठीमागून दिसायचं, मग फर्स्ट पर्सन, म्हणजे थेट त्याच्या डोळ्यांतून. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं बंजीच विकत घेतली आणि १५ नोव्हेंबर २००१ ला त्यांचा पहिला कन्सोल, एक्सबॉक्स, बाजारात आला तो या गेमला सोबत घेऊन. हे सांगतोय कारण सैन्य हलवायच्या गेमचा विचार शेवटपर्यंत त्यात उरलाय असं मला खेळताना नेहमी वाटतं, इथे जागा आणि शत्रूंची मांडणी यांनाच सगळ्यात जास्त किंमत आहे.

आता मुद्दा. तुमच्याजवळ एका वेळी दोनच बंदुका. ग्रेनेड वेगळ्या बटणावर, ठोसा वेगळ्या बटणावर. आज हे सगळीकडे आहे म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही, पण त्याआधीच्या बऱ्याच शूटरमध्ये ग्रेनेड म्हणजे आणखी एक हत्यार असायचं, बंदूक ठेवायची, ग्रेनेड काढायचा, फेकायचा, परत बंदूक काढायची. इथे गोळी, ग्रेनेड, ठोसा हे तिन्ही कधीही हाताशी असतात, त्यामुळे प्रत्येक दोन सेकंदाला तुम्ही काहीतरी ठरवत असता. वर अंगावर शील्ड म्हणजे ऊर्जेचं कवच आहे, ते मार खाऊन संपतं, पण थोडा वेळ आडोशाला थांबलात की परत भरतं. त्याच्याखालचं हेल्थ मात्र भरत नाही, त्यासाठी मेडकिट शोधावी लागते. म्हणजे छोट्या चुका माफ होतात अन् मोठ्या चुका सोबत चालत राहतात. मला हा हिशोब आजही कुठल्याही गेमपेक्षा जास्त न्यायाचा वाटतो.

आणि शत्रू! परग्रहावरचे, मुख्य चार जातींचे. ग्रंट बुटके, घाबरट, त्यांचा एलिट म्होरक्या पडला की हात वर करून ओरडत पळत सुटतात. जॅकलजवळ हातात चमकणारी गोल ढाल, तिच्यावर गोळ्या घालून उपयोग नाही, ढालीच्या कडेला जी खाच आहे तिच्यातून दिसणाऱ्या हातावर मारली की तो उलटतो आणि उघडा पडतो. एलिटला तुमच्यासारखीच शील्ड, ग्रेनेड टाकला तर तो बाजूला उडी मारतो, म्हणजे ग्रेनेड त्याला मारायला नाहीच टाकायचा, आडोशातून बाहेर काढायला टाकायचा. हंटर जोडीनं येतात, समोरून पोलाद, पण पाठीवर नारिंगी मऊ जागा, तिथे साध्या पिस्तुलाची एक गोळी पुरते. प्रत्येकाची किल्ली वेगळी, आणि गेम या चौघांना दर वेळी वेगळ्या जागेत वेगळं मिसळून समोर ठेवतो, एवढंच करतो, आणि तेवढ्यावर तुम्ही तीच लढाई पुन्हा पुन्हा आनंदानं खेळता.

बंजीच्या लोकांनी २००२ मध्ये गेम डेव्हलपरांच्या परिषदेत याच्यावर भाषण दिलं होतं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते, त्यांनी चाचणीत शत्रूंचा मेंदू तोच ठेवला, फक्त त्यांना जास्त मार सहन करायला लावला, तर खेळणाऱ्यांना तेच शत्रू जास्त हुशार वाटले. बरोबरच आहे, लगेच मेला तर त्याची अक्कल दिसणार कधी? गेममध्ये अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत, ईझी, नॉर्मल, हिरोइक आणि लेजेंडरी. माझा आग्रह असतो की ईझीवर खेळू नका. नॉर्मलवर हात बसवा आणि मग सरळ हिरोइकवर या, कारण तिथे शत्रू जिवंत राहतो आणि गेम खरा दिसतो.

पटत नसेल तर चौथी लेव्हल खेळा, ‘द सायलेंट कार्टोग्राफर’. उडत्या जहाजातून तुम्हाला बेटाच्या किनाऱ्यावर उतरवतात, सोबत सैनिक, समोर वाळूत शत्रू, आणि वर बघाल तर क्षितिजावरून जमीनच कमान होऊन आकाशात चढत गेलेली, कारण तुम्ही दहा हजार किलोमीटर व्यासाच्या, बांगडीसारख्या गोल जगाच्या आतल्या बाजूला उभे आहात. थोड्या वेळानं वॉर्टहॉग जीप मिळते. तुम्ही चालवा, मागच्या तोफेवर एक सैनिक, शेजारी दुसरा, आणि मग बेटाला कोणत्या बाजूनं फेरी मारायची ते तुमचं तुम्ही ठरवा. आत शिरलात की एक एलिट तुमच्या तोंडावर दार बंद करतो आणि ते उघडण्यासाठी परत बाहेर पडून बेटाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. कुठे बाण नाही की ‘इकडून जा’ म्हणून ओढणारं कोणी नाही. जीप टेकडीच्या कडेवर घसरते, उलटते, तुम्ही उतरून ती सरळ करता, तेवढ्यात दगडामागून प्लाझ्मा ग्रेनेड येऊन बंपरला चिकटतो, निळा चमकतो, आणि तुम्हाला पळायला जेमतेम दोन पावलं मिळतात. हे कुठल्या सिनमध्ये लिहिलेलं नसतं, पुढच्या वेळी ते तसं होणारही नाही. पावसाचा थेंब कितीही खरा दिसू दे, हे ज्या गेममध्ये नाही तो मी दुसऱ्यांदा लावत नाही.

आणि दिसण्याचंच दुःख असेल तर ॲनिव्हर्सरी या नव्यानं सजवलेल्या आवृत्तीत एक बटण दाबलं की नवीन ग्राफिक्स, परत दाबलं की जुने. मी जुन्यावरच खेळतो, नव्यात झाडी आणि उजेड इतका वाढवलाय की काही ठिकाणची भीतीच गेली.

प्रश्न : ‘लायब्ररी’ लेव्हलवर अडकलोय. सगळीकडे एकसारखे कॉरिडॉर, फ्लड संपतच नाही. ही लेव्हल बोअर आहे की मलाच जमत नाही?
– सक्करदऱ्याहून

उत्तर : लेव्हलच ताणलेली आहे, तू बरोबर बोलतोय. गेमचा दुसरा अर्धा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही, पुढच्या तीन लेव्हलमध्ये तर आधीच्याच जागा उलट्या दिशेनं परत येतात. पण लायब्ररीतून निघायचं असेल तर एक शिस्त पाळ. फ्लड म्हणजे शरीरात शिरून ते ताब्यात घेणारे परजीवी. त्यातले छोटे फुगे अंगावर येतात त्यांच्यावर शॉटगनचे शेल वाया नको घालवू, ते शील्डवर आपटून फुटतात, नाहीतर असॉल्ट रायफलनं उडव. शॉटगन मोठ्यांसाठी, अगदी जवळ येऊ देऊन. स्नायपर इथे कामाची नाही, गोळी आरपार जाते अन् त्यांना काही होत नाही. आणि पडलेलं धूड मेलंच आहे असं समजू नको, ते उठतं.

प्रश्न : मी आणि माझा लहान भाऊ एकाच टीव्हीवर सोबत खेळू शकतो का? तो माझ्याइतका चांगला खेळत नाही, तर त्याला बोअर होईल का?
– बारावीची वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : ताई, नक्की खेळा, हा गेम खेळायची सगळ्यात चांगली पद्धत हीच आहे! पण विकत घेण्याआधी नीट बघा. ‘मास्टर चीफ कलेक्शन’ (मास्टर चीफ हा या गेमचा नायक), म्हणजे जुने हेलो एकत्र केलेला संच, एक्सबॉक्सवर घेतला तर स्क्रीन दोन भागांत करून पूर्ण कथा दोघं खेळता येते. तेच कलेक्शन कॉम्प्युटरवर घेतलं तर ही सोय नाही. २०२१ चा ‘हेलो इन्फिनिट’ घेतला तर त्याच्या कथेत एकाच टीव्हीवर दोघं नाही, ती सोय येणार असं सांगितलं होतं आणि २०२२ मध्ये रद्द केली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ऑनलाइन चौघं खेळतात, पण मग दोन कन्सोल, दोन टीव्ही आले, घरातल्या घरात त्याचा काय उपयोग?

भावाला बोअर होणार नाही, फक्त त्याला सोपं नाही, महत्त्वाचं काम द्या. प्लाझ्मा पिस्तूल त्याच्याकडे. ट्रिगर दाबून धरला की हिरवा गोळा फुगतो, सोडला की तो शत्रूच्या मागे स्वतःच वळत जातो, म्हणजे बारीक नेमाची गरज नाही, आणि एका फटक्यात एलिटची पूर्ण शील्ड उतरते. त्याच क्षणी तुम्ही साध्या पिस्तुलानं डोक्यात एक गोळी. संपला. हे जमायला लागलं की तोच तुम्हाला “आता मार, आता मार!” म्हणून ओरडेल. दोघांपैकी एक मेला तरी घाबरू नका, दुसरा सुरक्षित जागी जाऊन थांबला की पहिला परत येतो. म्हणून एकानं नेहमी थोडं मागे राहायचं, दोघांनी एकदम हीरोगिरी करायची नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, सुट्टीत हाच गेम पाहिजे म्हणून मागे लागलाय. देऊ का?
– एक आई, लक्ष्मीनगर

उत्तर : पहिल्या हेलोला अमेरिकेत एम म्हणजे सतरा वर्षांवरचं रेटिंग आहे, इन्फिनिटला टी म्हणजे तेरा आणि वर. गोळ्या परग्रहावरच्या प्राण्यांवर चालतात, रक्त निळं-जांभळंही असतं, पण फ्लड येतात तिथून पुढे माणसांची विद्रूप झालेली शरीरं दिसतात आणि तो भाग खरंच भीतीदायक आहे, मोठ्यांनाही. ताई, मी तुमच्या जागी असतो तर पहिला गेम आत्ता दिला नसता. वर्षभरानं इन्फिनिट, तोही हॉलमधल्या टीव्हीवर, तुमच्या समोर, आणि ऑनलाइन व्हॉइस चॅट बंद करून. अनोळखी लोकं तिथे जे बोलतात ते गेममधल्या गोळीबारापेक्षा जास्त खराब असतं. तोवर त्याला रेसिंग किंवा फुटबॉल द्या, कंट्रोलरवर हात तिथेही बसतो.

प्रश्न : अर्धा तास खेळलं की डोकं गरगरतं, मळमळतं. शूटर सोडून देऊ का?
– नंदनवनहून

उत्तर : सोडू नका. सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू थोडं वाढवा, म्हणजे बाजूचं जास्त दिसतं आणि बऱ्याच लोकांची मळमळ तेवढ्यानंच कमी होते. टीव्हीपासून थोडं लांब बसा, खोलीत दिवा चालू ठेवा, वळण्याचा वेग कमी करा. आणि आपल्या इथल्या मे महिन्यात बंद खोलीत उपाशीपोटी खेळू नका, कूलर लावा, पाणी प्या. गरगरायला लागलं की तिथेच थांबा, दाबून खेळलं तर त्रास वाढतो.

प्रश्न : पहिला भाग संपवला! आता पुढे कुठल्या क्रमानं? मित्र म्हणतो ‘रीच’ आधी खेळ, कारण कथा तिथून सुरू होते.
– एक वाचक, महाल

उत्तर : अभिनंदन भाऊ! मित्राचं कथेपुरतं खरं आहे, ‘रीच’ जिथे संपतो तिथूनच पहिला हेलो सुरू होतो. पण खेळायचं ते ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं, २००४ चा दुसरा, २००७ चा तिसरा, २००९ चा ‘ओडीएसटी’, मग २०१० चा ‘रीच’. सगळे त्याच कलेक्शनमध्ये आहेत, वेगळे पैसे नाहीत. दुसऱ्या भागात दोन हातांत दोन बंदुका येतात आणि कथेचा अर्धा भाग तुम्ही चक्क एका एलिटच्या बाजूनं खेळता, तेव्हा ज्यांना तू आतापर्यंत मारत आलास त्यांचं म्हणणं काय होतं ते कळतं. तो भाग हिरोइकवरच खेळ, लेजेंडरीवर त्यातले जॅकल स्नायपर एका गोळीत उडवतात आणि दिसतही नाहीत. ‘रीच’ तू शेवटी खेळशील तेव्हा त्या ग्रहाचं काय होणार ते तुला आधीच माहीत असेल, आणि म्हणूनच त्यातल्या प्रत्येक सैनिकात जीव अडकेल. मित्राला सांग, यावर मी त्याच्याशी वाद घालायला तयार आहे, पत्र पाठव म्हणा.