"शाळेत नुसतं खेळवतात हो!"

दिवाळीची सुट्टी संपताना साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आई माझ्याकडे सल्ल्याला आली आणि कोरी वही माझ्यापुढे टाकली. "मॅडम, जूनपासून हे एवढंच! शाळेत नुसतं खेळवतात. शेजारची, याच्याच वयाची, अ ते ज्ञ लिहिते." म्हणून रोज रात्री जेवणानंतर ती एक पान गिरवून घ्यायची. वही काढली की त्याचं पोट दुखायचं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नव्हतं.

आम्ही बोलत होतो तोवर या छोट्या गड्यानं माझा चिंचोक्यांचा डबा उघडून दुकान मांडलं होतं. मी पाच शेंगदाणे मागितले.

"चारच उरलेत. एक उद्या देतो."

मग कागदावर दोन नागमोडी रेघा ओढल्या.

"हे काय रे?"

"दुकान बंद लिहिलंय."

आई पटकन म्हणाली, "हे कुठे 'बंद' आहे?" नाहीच. पण रेघा ओढून दुसऱ्याला काही कळवता येतं, एवढं त्याला उमगलं होतं. बाराखडी गिरवणाऱ्या कितीतरी मुलांना ते उमगलेलं नसतं. आणि चारात एक कमी पडतो हे त्यानं बोटं न मोजता सांगितलं होतं.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती कूर्चाच, म्हणजे मऊ, लवचीक असतात आणि एकेक करून हाड बनत जातात. साडेचाराव्या वर्षी ते काम बरंच बाकी असतं. चिमटीत चिंचोका धरणं, कणीक मळणं ही पेन्सिलीचीच तयारी.

"खेळातून शिकणं हे नवीन फॅड," असं त्याच्या आजींचं मत. नवीन कसलं? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीत आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, ते आसपास मिळणारी शिंपली, बिया, पानं हाताशी घेऊन. 2020च्या शैक्षणिक धोरणातही लहान मुलांनी खेळातून शिकावं असंच म्हटलंय.

तरी आईची शंका अगदीच खोटी नव्हती. ठोकळे ओतून बाई रजिस्टर भरत बसल्या, तर तो नुसता वेळ घालवणं झालं. म्हणून म्हटलं, परवानगी काढून एक सकाळ वर्गात बसा. मुलं खेळताना बाई काय विचारतात, तेवढंच ऐका.

ती बसून आली. पाण्याचा टब होता. वस्तू टाकण्याआधी बाई प्रत्येकाला विचारायच्या, "बुडेल की तरंगेल? का बरं?" हा म्हणाला बटाटा तरंगेल. बुडाला. घरी येऊन त्यानं बादलीत लिंबू, कांदा, आजींचा चष्म्याचा डबा, सगळं टाकून पाहिलं. (आजींचं मत आणखी कडक झालं.)

रात्रीचं पान मी महिनाभर बंद करायला सांगितलं. त्याऐवजी पोळ्यांच्या वेळी कणकेचा एक गोळा त्याचा. पंधरा दिवसांत पोटदुखीचं नाव निघेनासं झालं.

पुढच्या भेटीला आईनं पर्समधून किराण्याची यादी काढली. साखर, रवा, तूरडाळ, आणि खाली दोन नागमोडी रेघा.

"चॉकलेट आहे म्हणे ते."

"आणलंत?"

"आणावंच लागलं. यादीत लिहिलं होतं ना!"