आऊट ऑफ द पार्क बेसबॉल ह्या टीम चालवायच्या कॉम्प्युटर गेममधे ३१ वर्षांच्या स्टार प्लेअरला ८ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यावं का?

नको. चार वर्षं द्या, फार तर पाच, आणि त्यापायी दरवर्षीचा पगार थोडा जास्त द्यावा लागला तरी द्या. तुम्ही लिहिलंय की तुमचा फर्स्ट बेसमन ३१ चा आहे, गेल्या सीझनला ३८ होमर (आपल्या षटकारासारखे) मारलेत, आता आठ वर्षांवर अडून बसलाय आणि सोडला तर फॅन्स चिडतील अशी भीती वाटतेय. बरोब्बर ह्याच जागी मी एकदा माती खाल्लीये, म्हणून लिहायला बसले.

माझी टीम छोट्या बजेटवाली होती, थर्ड बेसमन ३२ चा, मी प्रेमात पडून सात वर्षं दिली. पहिली दोन वर्षं काय खेळला तो, प्लेऑफ वगैरे सगळं झालं, मग तिसऱ्या वर्षी रेंज (फील्डिंगला किती जागा कव्हर करतो ते) घसरली म्हणून त्याला फर्स्ट बेसला, म्हणजे फील्डिंगच्या सोप्या जागी हलवला तर तिथे माझाच एक चांगला पोरगा मायनर्समधून (खालच्या लीगमधून) वर यायची वाट बघत होता, म्हणजे तोही अडकला. चौथ्या वर्षी मनगट गेलं. पाचव्या वर्षी वेव्हर्सवर टाकला, म्हणजे कुणीही उचला म्हणून मोकळा सोडला, कुणी हातसुद्धा लावला नाही (का लावतील, वेव्हर्सवरून उचलला की पूर्ण पगार त्यांच्या गळ्यात). ट्रेड करायला गेले तर समोरची टीम म्हणे अर्धा पगार तुम्हीच भरा आणि वर एक पिचर (बॉलर) द्या. दिला. तो पिचर आमच्याकडे साधासुधा होता, तिकडे जाऊन एस (टीमचा पहिल्या नंबरचा पिचर) झाला, आजही त्याची आकडेवारी दिसली की मी स्क्रीन बंद करते.

तर माझी चूक ३२ वर्षांच्या माणसाला घेणं ही नव्हती. चूक ही होती की ‘पुढचं पुढे बघू, नंतर विकून टाकू’ हे मी सही करतानाच धरून चालले होते. नंतर कुणी विकत घेत नाही. गेममधल्या टीम्सनाही वय आणि पगार दिसतो.

आपल्याला आयपीएलची सवय आहे ना, तिथे काही वर्षांनी मेगा ऑक्शन येतं आणि पाटी जवळपास कोरी होते, त्यामुळे चेन्नईने २०१८ ला तिशीपुढची मंडळी जमवून ट्रॉफी उचलली तरी मागे ओझं काही राहिलं नाही. बेसबॉलमधे करार गॅरंटीड असतो, खेळो न खेळो पैसे द्यायचेच. आणि मेजर लीगमधे सहा वर्षांची सर्व्हिस झाल्याशिवाय फ्री एजन्सी (हव्या त्या टीमशी करार करायची मोकळीक) मिळत नाही, म्हणजे बहुतेक जण बाजारात येतात तेव्हाच २९-३० चे झालेले असतात, त्यांची सगळ्यात चांगली आणि स्वस्त वर्षं दुसऱ्याने वापरून झालेली असतात. गेममधेही हेच चक्र आहे.

खरं उदाहरण हवं तर अल्बर्ट पुहोल्स. सेंट लुईसला ११ सीझनमधे ४४५ होमर, बॅटिंग अ‍ॅव्हरेज .३२८ (.३०० च्या वर म्हणजे उत्तम), आणि डिसेंबर २०११ मधे, ३२ वा वाढदिवस महिनाभरावर असताना, एंजल्स ह्या टीमने १० वर्षं आणि २४ कोटी डॉलर दिले. त्या १० सीझनमधे .२५६ आणि २२२ होमर, प्लेऑफ फक्त २०१४ ला आणि तिथेही एक मॅच जिंकले नाहीत, शेवटी मे २०२१ ला करार संपायच्या आधीच रिलीज केला. पण मला ह्यात सगळ्यात खटकतं ते वेगळंच आहे. पगार चढता ठेवला होता, पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख आणि ४१ व्या वर्षी ३ कोटी. म्हणजे माणूस जितका म्हातारा तितका महाग!

तुम्ही ह्याच्या बरोब्बर उलटं करा. गेममधे प्रत्येक वर्षाचा पगार वेगळा टाकता येतो, तेव्हा आत्ता बजेटमधे जागा असेल तर पहिल्या दोन वर्षांत भरभरून द्या आणि शेवट उतरता ठेवा, मग ३५ व्या वर्षी तो स्वस्त दिसतो आणि गिऱ्हाईक मिळायची थोडीतरी आशा राहते. वर्षांवरून तुटत असेल तर शेवटचं वर्ष टीम ऑप्शन (ते वर्ष ठेवायचं की नाही हे टीम ठरवते) म्हणून जोडा. नो-ट्रेड क्लॉज (खेळाडूच्या होकाराशिवाय ट्रेड नाही अशी अट) मात्र अजिबात नको, मेलात तरी नको.

आणि करार संपायच्या दोन वर्षं आधी घाईघाईने एक्स्टेंशन देऊ नका. डेट्रॉईटने मिगेल कॅब्रेराला मार्च २०१४ मधे जे आठ वर्षांचं एक्स्टेंशन दिलं ते लागू झालं २०१६ पासून. त्या वर्षी तो .३१६ ला होता, आणि पुढच्याच वर्षी .२४९. अजून सहा वर्षं बाकी होती.

सगळेच म्हातारे बुडवतात असं नाही हां. एड्रियन बेल्त्रेला टेक्ससने ३१ व्या वर्षी घेतला, पाच वर्षं आणि ८ कोटी डॉलर, वर सहाव्याची तजवीज, आणि तो पुढे तिथूनच हॉल ऑफ फेमला गेला. पण वर्षं बघा किती. शिवाय तो थर्ड बेसवरचा जबरदस्त फील्डर होता, हात थोडे मंदावले असते तरी खाली सरकायला फर्स्ट बेस होता, डीएच (फील्डिंग न करता फक्त बॅटिंग) होता. तुमचा माणूस आधीच फर्स्ट बेसला आहे, त्याच्या खाली फक्त डीएच. स्पीड आणि रेंज आधी जाते, पॉवर आणि आय (बॉल ओळखायची नजर) जरा टिकते, म्हणून त्याच्या आय रेटिंगकडे बघा, आय चांगली आणि दुखापतींचा इतिहास साफ असेल तर पाच, नाहीतर तीन-चार. सेटिंगमधे एजिंगचा स्पीड कमी करता येतो हे मला माहितीये, पण ते म्हणजे पत्ते खेळताना समोरच्याचे बघण्यासारखं.

राहिला फॅन्सचा प्रश्न. चिडतात, जिंकायला लागलात की विसरतात. पुहोल्स गेला त्याची भरपाई म्हणून सेंट लुईसला एंजल्सचा २०१२ च्या ड्राफ्टमधला (नव्या पोरांच्या निवडीतला) १९ वा पिक मिळाला, त्यातून मायकल वाका आला, आणि २०१३ ला तोच पोरगा लीग फायनलचा एमव्हीपी होऊन त्यांना वर्ल्ड सिरीजला घेऊन गेला. तुमच्या लीगमधे कॉम्पेन्सेशनचा नियम चालू आहे का ते आधी बघा, आणि असेल तर सोडायच्या आधी त्याला क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाची ठरलेल्या पगाराची ऑफर, ती नाकारून गेला तर भरपाई मिळते) टाकून ठेवा. ती तारीख मी दोनदा चुकवलीये.