डेलिगेशन: माणसं गेली की अधिकार गेला?

बातमीत ‘डेलिगेशन मंत्र्यांना भेटलं’ आणि ऑफिसच्या पत्रात ‘डेलिगेशन ऑफ पॉवर्स’, दोन्हीकडे मराठीत एकच शब्द चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. सरकारी कागदांच्या भाषांतरात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणसं पाठवली असतील तर शिष्टमंडळ. मार्च 2018 मध्ये नाशिकहून पायी आलेले हजारो शेतकरी आझाद मैदानात बसून होते. मुख्यमंत्र्यांशी बोलायला विधान भवनात गेलं ते त्यांचं शिष्टमंडळ. मैदानातल्यांच्या वतीने बोलायचं आणि लेखी आश्वासन घेऊन परत त्यांच्याकडेच यायचं, हे त्याचं काम. प्रतिनिधिमंडळही चालतं.

अधिकार दिला असेल तर प्रत्यायोजन. शब्द जड आहे, मान्य; बोलताना ‘अधिकार सोपवणे’ म्हणा. पण ‘अधिकारांचे शिष्टमंडळ’ कृपा करून नको. एका मसुद्यात मी ते वाचलंय आणि फार वाईट वाटलं, कारण ज्या कारकुनाला त्या कागदावर काम करायचं होतं त्याला त्यातून काहीच कळलं नसतं.

खरी मेख सहीखाली असते. तिथे ‘तहसीलदार करिता’ लिहिलेलं असेल, तर सही करणारा फक्त कागद बाहेर पाठवतोय, निर्णय तहसीलदारांचाच. अधिकार रीतसर सोपवलेला असला की अधिकारी स्वतः निर्णय घेतो आणि स्वतःच्या पदनामाने सही करतो. म्हणून कोणत्या आदेशाने आणि किती रकमेपर्यंत सोपवला, हे लेखी लागतं. आपल्या राज्यात खर्चाच्या अधिकारांसाठी वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, 1978 उघडतात ती याचसाठी. सोपवल्याने वरच्याचा हात रिकामा होत नाही, तो अधिकार काढूनही घेऊ शकतो. ज्याला मिळाला त्याला मात्र कायद्यात तशी मुभा नसेल तर तो पुढे तिसऱ्याला देता येत नाही. विधिमंडळसुद्धा यातून सुटलेलं नाही: तपशिलाचे नियम करायचं काम सरकारवर सोपवता येतं, मूळ धोरण ठरवायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये दिल्ली कायदे प्रकरणात स्पष्ट केलं.

डेप्युटेशन म्हणजे प्रतिनियुक्ती, कर्मचाऱ्याला काही काळ दुसऱ्या कार्यालयात काम करायला पाठवणं; त्याची यात सरमिसळ करू नका.

तुमच्या पत्रात ‘अधिकारांचे प्रत्यायोजन’ लिहा आणि शेजारीच आदेशाचा क्रमांक व दिनांक टाका.