काकूंना विचारा: आधी बिलं बघ, मग भाडं बोल

प्रश्न: काकू, सप्रेम नमस्कार. मी लातूरची. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात आईला घेऊन कोल्हापूरला येते आहे. तीन घरं बघून ठेवली आहेत. पाचगावात एक स्वतंत्र घर, राजारामपुरीत एका बंगल्याचा वरचा मजला आणि नागाळा पार्कात तळमजल्यावरचा फ्लॅट. लाईट, पाणी, गॅस हे सगळं नव्या गावात लावून घेताना सुरुवात कुठून करायची? मीटर आमच्या नावावर करून घ्यावं का? गॅसची टाकी सामानाबरोबर आणली तर चालेल का? पाण्याचं एक बरं, कोल्हापुरात त्याची काळजी नाही असं सगळे सांगतात.
— एक वाचक, लातूर

उत्तर: तुझ्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण घर निवडताना खरा फरक त्यानंच पडणार आहे. २०१६ साली तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा इकडचे नळ कधी आटतच नाहीत असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या गल्ल्यांत पुरुषभर पाणी होतं आणि शहरातल्या नळांना थेंब नव्हता. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं नदीला लागून. पूर चढला की मोटरी पाण्याखाली जातात, वीजही बंद ठेवावी लागते. मग धो धो पावसात लोक घागरी घेऊन टँकरची वाट बघतात. आता काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईननं पाणी येतं, २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर ते शहरात पोचलं. काळजी कमी झाली, संपली नाही. वीज गेली किंवा पाईप फुटला की एखादा दिवस कोरडा जातोच.

तेव्हा तिन्ही घरी हे विचार: पाणी किती वाजता सुटतं, किती वेळ असतं, खालची टाकी किती लिटरची, वरची किती, बोअर आहे का आणि पाणीपट्टी भाड्यात धरली आहे की वेगळी. मालक म्हणेल, “पाणी भरपूर आहे की!” आम्ही सगळे मालक तसंच म्हणतो. (आमच्या वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं भाडेकरू आहेत, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे.) खरं उत्तर शेजारच्या बाईकडे मिळतं. आणि गल्लीत पाणी सोडणारा चावीवाला भेटला तर त्यालाच गाठ, त्याला प्रत्येक घराचा दाब पाठ असतो.

आता पाचगाव. बाहेरून येणाऱ्याला ते शहरच वाटतं. रस्ता तोच, दुकानं तीच, पण कारभार ग्रामपंचायतीचा. कोल्हापुरात १९७२ साली महानगरपालिका झाली, तेव्हापासून अशी गावं शहरात घ्यायची की नाही हा हद्दवाढीचा वाद आम्ही वाढदिवसासारखा दरवर्षी साजरा करतो. मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी ही गावं शहराला अगदी चिकटलेली. तुला फरक पडतो तो असा की नळ, कचरा, गटार, रस्त्यावरचा दिवा यांच्या तक्रारीसाठी तिथे महापालिकेकडे जाऊन उपयोग नाही, ग्रामपंचायतीचं दार वाजवायचं. घर कुणाच्या हद्दीत आहे हे मालकाच्या तोंडून ऐकू नकोस, घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती दाखवायला सांग. वर कुणाचं नाव छापलंय ते वाच, की झालं. त्याच पावतीवर थकबाकीही दिसते. पाचगाव वाईट असं म्हणत नाही मी. तुझ्या कारखान्याला जवळ पडेल, जागाही ऐसपैस मिळेल. फक्त उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं, ते शेजारणीला आवर्जून विचार.

नागाळा पार्कात तळमजला घेणार असशील तर एकच प्रश्न आधी: एकोणीस साली आणि एकवीस साली पाणी कुठवर आलं होतं? सगळा नागाळा पार्क बुडत नाही, पण जयंती नाल्याच्या आणि नदीच्या अंगाला फुगवटा येतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तुलाही आपोआप पाठ होतील. त्या फ्लॅटचं मीटर जिन्याखाली गुडघ्याच्या उंचीवर असेल, तर ते वर घेण्यासाठी सोसायटीनं अर्ज केलाय का विचार. आईला घेऊन राहायचंय, रात्री-अपरात्री सामान हलवण्याची पाळी नको.

मीटर नावावर करू नकोस. लातूरला महावितरण, इथेही महावितरण, म्हणजे बिल ओळखीचंच आहे. पण कनेक्शन घराचं असतं, माणसाबरोबर फिरत नाही. नावबदल घर विकत घेतल्यावर करायचा. मालकाकडून बारा आकडी ग्राहक क्रमांक घे, महावितरणच्या अ‍ॅपमध्ये टाक आणि थकबाकी बघ. शून्य दिसली तरच अनामत रक्कम हातावर ठेव. किल्ली मिळेल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप कर. त्याखालचं आधीच्या भाडेकरूचं, वरचं तुझं.

राजारामपुरीतल्या वरच्या मजल्याला वेगळं मीटर आहे की मालकाच्याच मीटरवरून काढलेलं सबमीटर, याची चौकशी मात्र नीट कर. घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतो. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, पुढे आणखी चढा. समजा तुम्ही ९० युनिट जाळलीत आणि खालच्यांनीही ९०. वेगळी मीटरं असती तर दोघंही पहिल्या टप्प्यात. एकाच मीटरवर ती १८० होतात आणि ८० युनिटांना वरचा दर लागतो. वर स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणून मालक “युनिटला अमुक रुपये द्या” म्हणाला तर लगेच मान हलवू नकोस. दर महिन्याचं मूळ बिल बघायला मिळेल आणि त्याच्या प्रमाणात वाटणी होईल, असं ठरव. जमलं तर करारातच लिहून घे. करार नोंदणीकृतच हवा. कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे आणि पुढे गॅसपासून बँकेपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद चालतो. त्यामुळे क्रम असा: बिलं, मग करार, मग गॅस.

भरलेली टाकी ट्रकमध्ये अजिबात घालू नकोस. असलेला गॅस वापरून संपव. लातूरच्या एजन्सीत गॅसचं पुस्तक, टाकी आणि रेग्युलेटर जमा कर. ते टर्मिनेशन व्हाउचर देतील, एजन्सीत त्याला ‘टीव्ही’ म्हणतात, आणि पूर्वी भरलेली अनामत परत मिळेल. कनेक्शन आईच्या नावावर असेल तर आईला सोबत ने. शेगडी तुमचीच, ती आण. इथल्या त्याच कंपनीच्या एजन्सीत टीव्ही, करार आणि आधार दाखवायचा, आजच्या दरानं अनामत भरायची. टाकी यायला दोन-चार दिवस लागले तर ओळखपत्रावर पाच किलोची छोटी टाकी मिळते, तेवढ्यात चहा-पिठलं निभतं. टाकी आली की डिलिव्हरीवाल्याकडून वजन करून घे. रिकामीचं वजन टाकीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळव. शेगडीला नवी नारिंगी रबरी नळी घाल, जुनी आणू नकोस. गॅसचा वास आला तर १९०६ ला फोन कर. शहरात काही भागांत पाईप गॅस आलाय, सोसायटीत विचारून बघ.

इंटरनेटचं काही अवघड नाही, गल्लीतल्या केबलवाल्याला फोन केला की तो येतो. दुधाचं तर विचारायलाच नको, गोकुळचं केंद्र कोपऱ्यावर असतंच.

माझं मत विचारशील तर वेगळं मीटर असेल तर राजारामपुरी. नसेल तर पाचगाव, पाण्याची टाकी मोठी असेल तरच.

प्रश्न: भाडेकरू तीन महिन्यांचं वीजबिल न भरता निघून गेला. कनेक्शन तुटेल का?
— एक घरमालक, कसबा बावडा

उत्तर: भाऊ, कनेक्शन तुमच्या नावावर आहे, तेव्हा महावितरण तुम्हालाच विचारणार. तोडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेवढा अवधी आहे. बिल भरा, रक्कम त्याच्या अनामतीतून वळती करा आणि पावतीची एक प्रत त्याला पाठवा. अनामत आधीच परत केली असेल, तर पुढच्या करारात एवढं घाला: शेवटचं बिल येईपर्यंत अनामत मिळणार नाही.