करप्याच्या मागे लागण्याआधी

प्रिय मुली,

प्रोजेक्टचा विषय वाचला. भातावरच्या करप्याच्या बुरशीतला "रोग करणारा जीन" शोधायचाय म्हणतेस. विषय मस्तच आहे, पण असा एक जीन कुठेतरी दडून बसलाय आणि आपण जाऊन त्याला धरायचं, हे आधी डोक्यातून काढ बघू.

1940च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ डाकोटात हॅरॉल्ड फ्लोर जवसाच्या तांबेऱ्यावर काम करायचे. त्यांनी जवसाचेही क्रॉस केले आणि तांबेऱ्याचेही, आणि त्यातून दिसलं की झाडातल्या एकेका प्रतिकारक जीनला बुरशीतला एक ठराविक जीन जोडीला असतो. गंमत अशी की बुरशीतला तो जीन शाबूत असला तर झाड तिला ओळखतं आणि रोग होत नाही. म्हणजे बुरशी डोईजड होते ती बऱ्याचदा काही नवीन मिळवून नाही तर आहे ते टाकून देऊन. करप्यातला अव्हर-पिटा हा जीन बघ, तो गुणसूत्राच्या टोकाला टेलोमेरजवळ आहे, तिथले तुकडे सहज गळतात, आणि तो गेला की पाय-टा हा प्रतिकारक जीन असलेल्या भाताच्या जातीला बुरशी आलेली कळतच नाही. त्यामुळे भाताची जात कुठली हे लिहिल्याशिवाय "हा आयसोलेट (नमुन्यातून वेगळी केलेली बुरशी) व्हिरुलंट (रोग करणारा) आहे" असं वाक्य थिसिसमध्ये नको.

अर्थात उलटंही होतं. गव्हावरच्या एका बुरशीने टॉक्सए नावाचा विषाचा जीन दुसऱ्या बुरशीकडून चक्क उचललाय, 2006 मध्ये ते बाहेर आलं. पण तुझ्या कामाला ते फार लागणार नाही.

तुला लागणार आहे ते पानावर काय चालतं ते. करप्याचा बीजाणू पानावर चिकटतो, ओलाव्यात रुजतो, आणि कोंबाच्या टोकाला घुमटासारखं अप्रेसोरियम, म्हणजे पानात घुसायचा अवयव, तयार होतं. त्याच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर असतो, आत ग्लिसरॉल साठत जातं आणि दाब 8 मेगापास्कलपर्यंत चढतो, गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या साधारण 40 पट, आणि त्या दाबाने बुरशी पानाची त्वचा फोडते. आता मेलॅनिन न बनवणारा म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेली बुरशी, घे. धडक्या पानावर तो काही करू शकत नाही, पण पान जरा खरवडून दिलंस की रोग करतो. पीएमके1 हा जीन काढलेला म्युटंट मात्र (1996 मध्ये शू आणि हेमर यांनी केला) अप्रेसोरियम तर बनवत नाहीच, जखमेतूनही आत वाढत नाही. प्रयोगशाळेतल्या खाद्याच्या प्लेटवर दोघं मजेत वाढतात. दोघांसमोर "रोग नाही" एवढंच लिहिलंस तर हाती काय लागलं? म्हणून कुठलाही म्युटंट रोग करत नाही असं दिसलं की आधी तो प्लेटवर नीट वाढतो का बघायचं, मग जखमेवर टाकून बघायचं, आणि शेवटी तोच जीन परत घालून रोग परत येतो का ते बघायचं. हे शेवटचं कंटाळवाणं असतं म्हणून सगळे टाळतात, तू टाळू नकोस.

मुरबाडला तुझे मामा भातावर ट्रायसायक्लाझोल हे करप्याचं औषध मारतात ना, ते मेलॅनिनच बनू देत नाही. बुरशी मरत नाही, नुसती आत घुसू शकत नाही, म्हणून रोग चांगला पसरल्यावर फवारून फारसा उपयोग होत नाही. सांग त्यांना.

नमुने मुरबाड-शहापूरकडूनच आण, पण कडा करपा उचलून आणू नकोस, तो बॅक्टेरियाचा. आपल्याला हवा तो ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी, कडेने तपकिरी. आणि एका ठिपक्यातून प्लेट लावली म्हणजे एकच बुरशी आली असं नसतं गं, एक बीजाणू सुटा उचलून त्याच्यापासून कल्चर वाढवायचं, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात. कुठल्या जातींवर टेस्ट करायची ते कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जाऊन विचार, फोनवर नको, प्रत्यक्ष जा.

तोवर हात बसवायला वाशी मार्केटमधला कांदा पुरे. आतला पातळ पापुद्रा काढून त्यावर बीजाणूंचा थेंब ठेव, डबा ओलसर ठेव, दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघ, काळे गोल घुमट दिसतील आणि काहींच्या खाली पेशीत शिरलेला तंतूही. किती घुमट झाले आणि किती आत शिरले हे दोन आकडे वेगवेगळे मोजून मला पाठव, मग जीनचं बोलू.

तुझी,
मॅडम