लांब दांडी हवी तेव्हाच का येत नाही?

प्रश्न : घरी जुना निन्टेन्डो आहे, त्यावर टेट्रिस. मी आणि मुलगा आळीपाळीने खेळतो. उजव्या कडेला एक उभी फट मोकळी सोडायची, बाकी सगळं नीट रचत आणायचं आणि लांब दांडी टाकून चार ओळी एका दमात उडवायच्या, हा आमचा बेत. पण फट तयार झाली की दांडी गायब! मुलगा म्हणतो, "बाबा, आपल्याला काय हवंय ते गेमला कळतं." खरंच कळतं का?
– दांडीच्या प्रतीक्षेत एक बाबा

उत्तर : नाही हो, काही कळत नाही. 1989 चा हा गेम पुढचा ठोकळा ठरवताना तुमच्या रचनेकडे ढुंकूनही बघत नाही. बघतो ते एवढंच, की मागचा ठोकळा कोणता होता. आत आठ बाजूंचा फासा पडतो असं समजा. सात बाजूंवर सात आकार, आठवी कोरी. कोरी बाजू पडली किंवा मागचाच आकार आला, तर फासा पुन्हा टाकायचा, या वेळी सात बाजूंचा, आणि पडेल ते निमूट द्यायचं. संपली त्याची अक्कल. म्हणून एकच आकार लागोपाठ दोनदा येण्याची शक्यता 28 त 1 आणि बाकी प्रत्येक आकाराची 56 त 9.

आता दांडीचं गणित. सलग 13 ठोकळे पडले आणि त्यांत एकही दांडी नाही, असं व्हायची शक्यता दहांत एक. सलग 20 ची, शंभरात तीन. ऐकायला कमी वाटतं, पण एका बऱ्यापैकी डावात ठोकळे शेकड्यांनी पडतात, त्यामुळे असा दुष्काळ कुठे ना कुठे गाठतोच. रचना खाली असताना तो येऊन गेला तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. फट तयार असताना आला की मात्र एकेक ठोकळा मोजला जातो. पडद्याच्या डावीकडे सातही आकारांची मोजदाद चालू असते, तिच्यात सगळ्यात खाली दांडी असते. मोठा डाव संपला की मुलाला ती दाखवा. एकूण ठोकळ्यांच्या सातव्या हिश्श्याच्या आसपासच आकडा दिसेल.

वाट बघण्यात मात्र तुमचं चुकत नाही. पहिल्या, म्हणजे शून्य लेव्हलला एक ओळ गेली तर 40 गुण मिळतात, चार एकदम गेल्या तर 1200. त्याच चार ओळी सुट्या घालवल्या तर जेमतेम 160. लेव्हल वाढेल तसे दोन्ही आकडे त्याच पटीत वाढतात, म्हणून दांडीचा मोह शेवटपर्यंत सुटत नाही. सुटायलाही नको. फक्त दांडीसाठी जागा एकच ठेवा. तुमच्यासारख्यांचे डाव मी बघते तेव्हा घात बहुतेक वेळा दुसऱ्या फटीने केलेला असतो. उजवीकडची फट ठरलेली असते, आणि मध्येच कुठेतरी तीन घरं खोल खड्डा पडू दिलेला असतो, त्यालाही दांडीच लागते. मग आलेली दांडी तिकडे खर्च होते आणि शिव्या गेमला!

माथा शक्यतो सपाट राहू द्या, पण अगदी पाटासारखा नको. एस आणि झेड या वाकड्या जोडीला बसायला एका घराची पायरी लागते. आणि रचना अर्ध्याच्या वर गेली की हट्ट सोडा. एल आकाराचा ठोकळा फटीत उभा घुसवा, एकदोन ओळी जाऊ द्या, खाली उतरा.

मुलगा फारच वैतागला असेल तर नव्या पद्धतीचा टेट्रिस द्या. त्यात सातही आकार एका पिशवीत घालून, पिशवी रिकामी होईपर्यंत एकेक काढले जातात. दोन दांड्यांच्या मध्ये फार तर 12 ठोकळे येतात. मला स्वतःला तो जरा मिळमिळीत वाटतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. एका 13 वर्षांच्या मुलाने टेट्रिसला हरवलं असं वाचलं. पण हा गेम तर संपतच नाही ना? मग हरवलं कसं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझी शंका बरोबर आहे. या गेमला शेवट लिहिलेलाच नाही, तो फक्त वेगवान होत जातो. शून्य लेव्हलला ठोकळा 48 फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एकेक चित्र) एक घर उतरतो, 29 व्या लेव्हलपासून एका फ्रेममध्ये एक घर. सेकंदात साधारण 60 फ्रेम, म्हणजे वरून तळापर्यंतची 20 घरं सेकंदाच्या एक तृतीयांशात. उलट बटण दाबून धरलं तर ठोकळा आडवा सरकतो तो दर सहा फ्रेमला एक घर. कडेला पोचायच्या आत तो खाली आदळलेला असतो. म्हणून वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे, 29 आली की डाव संपला.

मग खेळाडूंनी बटण धरून ठेवणंच सोडलं. आधी अंगठा थरथरवून भराभर दाबायला लागले, नंतर त्याहून भन्नाट युक्ती निघाली. एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर, तबला वाजवावा तशी एकामागून एक आपटायची. बटण अंगठ्याखाली आपोआप दाबलं जातं, दर बोटाला एकदा. याला रोलिंग म्हणतात. त्याने 29 चा अडसर गेला आणि कुणी कधी न बघितलेल्या लेव्हली दिसायला लागल्या. तिथे ठोकळ्यांचे रंगही बिघडतात, 148 व्या लेव्हलला तर ते जवळजवळ काळे असतात, काळ्या पडद्यावर!

डिसेंबर 2023 मध्ये तू वाचलेल्या त्या मुलाने, अमेरिकेतल्या विलिस गिब्सनने, 157 व्या लेव्हलला एक ओळ उडवली आणि गेम जागीच गोठला. इतक्या वर गुण मोजायचं काम एका फ्रेमच्या वेळेत पुरं होत नाही आणि प्रोग्रॅम भरकटतो. हरवलं म्हणतात ते हेच. गोठणार नाही असा बदल केलेल्या आवृत्तीवर मायकेल आर्टिआगा या दुसऱ्या खेळाडूने ऑक्टोबर 2024 मध्ये 255 च्याही पुढे मजल मारली, आणि लेव्हल फिरून शून्यावर आली.

प्रश्न : रात्री डोळे मिटले की ठोकळे पडताना दिसतात. काळजी करू का?
– नाव नको

उत्तर : नका करू. 2000 साली हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी 27 जणांना टेट्रिस खेळायला लावून हेच तपासलं होतं. बऱ्याच जणांना झोप लागता लागता ठोकळे दिसले. गंमत म्हणजे त्यांत स्मृतिभ्रंश झालेले काही जण होते. आपण खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी काहींना ठोकळे दिसलेच.

प्रश्न : आम्हा बहिणींना एकाच वेळी, समोरासमोर खेळायचंय. जुन्या कॅसेटमध्ये तो पर्याय सापडत नाही.
– दोघी

उत्तर : सापडणार नाही, कारण निन्टेन्डोच्या त्या कॅसेटमध्ये तो नाहीच. टेनजेन कंपनीने त्याच कन्सोलसाठी काढलेल्या टेट्रिसमध्ये दोघांचा खेळ होता, पण हक्कांच्या खटल्यात 1989 मध्येच ती कॅसेट बाजारातून मागे घ्यावी लागली. नवा कन्सोल असेल तर पुयो पुयो टेट्रिस घ्या. एकीने दांड्या टाकायच्या, दुसरीने रंगीत थेंब जुळवायचे, आणि ओळी उडवून एकमेकींच्या डोक्यावर कचरा, म्हणजे नको असलेले ठोकळे, ढकलायचा.